द्विराष्ट्रीयत्व आणि स्थलांतरिताचे अधिकार : युरोपीय संघाच्या विधीतील एक प्रश्न

आपल्याकडील विधिविषयक लेखनात द्विराष्ट्रीयत्वाचा विचार बहुधा एकदोन वाक्यांतच आटोपतो. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या ९ व्या कलमानुसार जो भारतीय नागरिक स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व संपादन करतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. सबब एकाच व्यक्तीच्या ठायी दोन राष्ट्रीयत्वे दीर्घकाळ नांदण्याचा प्रसंग आपल्या न्यायालयांपुढे क्वचितच उभा राहतो. युरोपात तसे नाही. तेथे द्विराष्ट्रीय माणूस ही आज नित्याची गोष्ट आहे, आणि त्याच्या अधिकारांचा निवाडा केवळ त्याच्या दोन राष्ट्रांच्या कायद्यांनी होत नाही. त्या दोहोंच्या वर असलेला युरोपीय संघाचा विधीही त्यात भाग घेतो. या विधीस अधिराष्ट्रीय म्हणावयाचे ते अशासाठी की, तो सदस्य राष्ट्रांच्या कायद्याहून श्रेष्ठ ठरतो आणि सामान्य व्यक्तीस तो आपल्या देशाच्या न्यायालयात थेट पुढे करता येतो. ही दोन तत्त्वे लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने १९६३ व १९६४ सालच्या निर्णयांत प्रस्थापित केली, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच.

प्रश्न असा की, अशा विधीपुढे दुसरे राष्ट्रीयत्व ही स्थलांतरिताच्या अधिकारांत पडलेली भर असते काय? सकृद्दर्शनी उत्तर होकारार्थी वाटते. एका पारपत्राने जेवढे मिळते त्याहून दोहोंनी अधिक मिळावे, हा हिशेब कोणासही पटण्याजोगा आहे. परंतु गेल्या सुमारे पस्तीस वर्षांतील निर्णय क्रमाने वाचीत गेल्यास हा हिशेब जुळत नाही असे आढळते. एकच पारपत्र एका सीमेवर सर्व दारे उघडते आणि दुसऱ्या सीमेवर अगदी मुके होते; आणि एका प्रसंगी तर यजमान देशाचे नागरिकत्व घेणे, म्हणजे त्या समाजाशी एकरूप होण्याची अखेरची पायरी चढणे, हेच अधिकार गमावण्याचे कारण होऊ पाहत होते. ही विसंगती कशी उद्भवली आणि न्यायालयाने ती कितपत दूर केली, हे पाहणे प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आधी जुन्या आंतरराष्ट्रीय विधीची भूमिका ध्यानी घेतली पाहिजे. १९३० सालच्या हेग येथील करारात तिचे स्वरूप चांगले दिसते. त्याच्या ३ ऱ्या कलमाप्रमाणे दोन राष्ट्रीयत्वे असलेल्या व्यक्तीस त्यांपैकी प्रत्येक राष्ट्रास आपला नागरिक मानता येते. ४ थ्या कलमाप्रमाणे एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध त्या व्यक्तीच्या वतीने राजनैतिक संरक्षणाचा दावा करू नये. आणि ५ व्या कलमाप्रमाणे तिऱ्हाईत राष्ट्राने तिचे एकच राष्ट्रीयत्व जमेस धरावे : जेथे तिचा नेहमीचा वास असेल त्या देशाचे, अथवा जेथे तिचा वस्तुतः अधिक निकटचा संबंध दिसत असेल त्या देशाचे. यालाच 'प्रभावी राष्ट्रीयत्वा'चे तत्त्व म्हणतात. पुढे १९५५ च्या एप्रिलमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नोटेबोम प्रकरणात या विचारास आणखी धार आणली. जन्माने जर्मन, १९०५ पासून ग्वाटेमालात स्थायिक झालेला, आणि १९३९ साली लिख्टेनस्टाइनचे नागरिकत्व घेतलेला हा व्यापारी. लिख्टेनस्टाइनशी त्याचा खराखुरा संबंध नव्हता, म्हणून त्याच्या वतीने ग्वाटेमालावर दावा करण्याचा त्या देशास अधिकार नाही, असे न्यायालयाने ठरविले. वस्तुतः नोटेबोम हा निवाड्याच्या वेळी द्विराष्ट्रीय नव्हता. लिख्टेनस्टाइनचा नागरिक होताच त्याचे जर्मन नागरिकत्व गेले होते. तरीही द्विराष्ट्रीयत्वाच्या चर्चेत हा निर्णय सतत आधारास घेतला जातो, तो त्यातील खऱ्या संबंधाच्या कसोटीमुळे. येथे सहज नमूद करण्याजोगे हे की, भारताचा नागरिकत्व अधिनियमही त्याच वर्षीचा आहे. एका माणसाचे एकच राष्ट्र असावे, हा त्या काळाचा सर्वमान्य ग्रह होता.

या ग्रहास युरोपात पहिला स्पष्ट छेद बसला तो स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील कांटाब्रिया प्रांतातील एका दंतवैद्याच्या प्रकरणात. मिकेलेत्ती हे अर्जेंटिनात जन्मलेले. आईवडील इटालियन असल्याने इटालियन नागरिकत्वही त्यांच्याकडे होते. त्यांची दंतवैद्यकाची पदवी स्पेनने १९८९ साली अर्जेंटिनाशी असलेल्या सांस्कृतिक कराराच्या आधारे मान्य केली. पुढील वर्षी त्यांनी इटालियन पारपत्र दाखवून, युरोपीय समुदायातील राष्ट्राचा नागरिक या नात्याने, व्यवसाय थाटण्यासाठी कायम रहिवासाचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. स्पेनच्या नागरी संहितेप्रमाणे, ज्याच्या दोन राष्ट्रीयत्वांपैकी एकही स्पॅनिश नाही अशा माणसाचे तेच राष्ट्रीयत्व धरावयाचे, ज्या देशात तो स्पेनला येण्यापूर्वी राहत होता. सबब स्पेनच्या दृष्टीने ते अर्जेंटिनाचे. हे हेग कराराच्या ५ व्या कलमाचेच तत्त्व होते. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी काही मनमानी केली, असे म्हणता येणार नाही.

७ जुलै १९९२ रोजी दिलेला हा निर्णय अवघ्या काही परिच्छेदांचा आहे. आपले नागरिक कोण, हे ठरविणे ज्या त्या राष्ट्राकडे आहे. मात्र एकदा इटलीने एखाद्यास आपला नागरिक म्हटले की, त्या नागरिकत्वाचे समुदायविधीतील परिणाम मान्य करण्यासाठी स्पेनने पूर्वीच्या वास्तव्यासारखी अधिक अट घालता कामा नये. कारण सरळ आहे : प्रत्येक देश आपापली अट घालू लागला तर तोच मनुष्य एका देशात युरोपीय आणि दुसऱ्यात परका ठरेल, आणि मुक्त संचाराचे लाभधारक कोण हे देशागणिक बदलू लागेल. महाधिवक्ता तेसाउरो यांनी तर नोटेबोमचा विचार आंतरराष्ट्रीय संबंधांच्या भावनारम्य कालखंडातला म्हणून बाजूस सारला होता. याप्रमाणे युरोपीय राष्ट्रांच्या परस्पर व्यवहारात 'प्रभावी राष्ट्रीयत्वा'चा शोध घेणेच बंद झाले. पारपत्र वैध आहे ना, एवढेच पाहावयाचे.

या निर्णयात एक लहानसे उपवाक्य आहे, ज्याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नागरिकत्व कसे मिळावे व कसे जावे हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्रांचा आहे असे म्हणताना, तो समुदायविधीचे भान राखून वापरावा, असे न्यायालयाने जाता जाता जोडून दिले. खटल्याच्या निकालास त्याची मुळीच आवश्यकता नव्हती. परंतु अशी अनावश्यक उपवाक्ये न्यायशास्त्रात कधीकधी बीजासारखी पडून राहतात. अठरा वर्षांनी या बीजाचे काय झाले ते पुढे येईल.

मिकेलेत्ती निर्णयाच्या वर्षीच मास्त्रिख्टच्या तहावर सह्या झाल्या आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून 'संघाचे नागरिकत्व' अस्तित्वात आले. सदस्य राष्ट्राचा जो नागरिक तो संघाचाही नागरिक; हे नागरिकत्व राष्ट्रीय नागरिकत्वाच्या जोडीला असते, त्याची जागा घेत नाही. म्हणजे एका अर्थी प्रत्येक युरोपीय माणूस दोन पातळ्यांवर नागरिक झाला. पण ज्याला दोन सदस्य राष्ट्रांचे नागरिकत्व आहे, त्याचे काय? त्यास संघाचे नागरिकत्व दुप्पट मिळत नाही हे उघडच आहे. तथापि त्याच्या दोन राष्ट्रीयत्वांत विरोध आला म्हणजे संघाचा विधी मध्ये पडू शकतो, हे गार्सिया आवेलो प्रकरणाने दाखविले.

प्रकरण आडनावाचे होते. पिता स्पॅनिश, माता बेल्जियन, मुले बेल्जियममध्ये जन्मलेली व उभय देशांची नागरिक. स्पॅनिश रूढीप्रमाणे मुलास पित्याचे पहिले व मातेचे पहिले अशी दोन आडनावे लागतात. बेल्जियन कायद्याप्रमाणे त्या काळी पित्याचे संपूर्ण आडनाव जसेच्या तसे लागे. त्यामुळे तीच मुले स्पॅनिश वकिलातीच्या दप्तरी 'गार्सिया वेबर' आणि बेल्जियन दप्तरी 'गार्सिया आवेलो' झाली. स्पॅनिश पद्धतीचे नाव बेल्जियमनेही लावावे हा आईवडिलांचा अर्ज नामंजूर झाला. बेल्जियमने हेग कराराच्या ३ ऱ्या कलमावर बोट ठेवले : ही मुले आमच्या भूमीवर आमची नागरिक आहेत, तेव्हा इतर बेल्जियन मुलांस जो नियम तोच यांस.

मराठी वाचकास या प्रकरणाची अडचण चटकन समजेल. स्वतःचे नाव, पित्याचे नाव व आडनाव अशी आपली रचना परदेशी नमुन्यांच्या रकान्यांत बसवताना पित्याचे नाव कधी गळते, कधी आडनावास चिकटते, आणि मग पदवीपत्रावरचा मनुष्य व पारपत्रावरचा मनुष्य एकच हे सिद्ध करीत बसावे लागते. न्यायालयाने २ ऑक्टोबर २००३ रोजी नेमकी हीच व्यावहारिक हानी विचारात घेतली. ही मुले बेल्जियममध्येच जन्मली व वाढली, त्यांनी सीमा ओलांडली नाही हे खरे. तरी एका सदस्य राष्ट्राची नागरिक असून ती दुसऱ्या सदस्य राष्ट्रात कायदेशीरपणे राहत आहेत, एवढा दुवा संघविधीस पुरेसा आहे. समानतेचे तत्त्व जसे सारख्यांस सारखे वागविण्यास सांगते, तसेच भिन्न स्थितीतील व्यक्तींस एकाच मापाने न मोजण्यासही सांगते. एकच नागरिकत्व असलेल्या बेल्जियन मुलाची स्थिती आणि दोन दप्तरांत दोन नावे वागविणाऱ्या मुलाची स्थिती सारखी नव्हे. निकाल मुलांच्या बाजूने लागला. आमच्या मते द्विराष्ट्रीयत्वाकडे अडचण म्हणून न पाहता व्यक्तीच्या जीवनाची एक वस्तुस्थिती म्हणून पाहणारा हा पहिला महत्त्वाचा निवाडा होय.

यावरून कोणी असा समज करून घेईल की, दोन सदस्य राष्ट्रांची पारपत्रे हाती असली म्हणजे माणूस घरबसल्या संघविधीच्या छत्राखाली येतो. ५ मे २०११ च्या मॅकार्थी निर्णयाने हा समज दूर केला. या बाई ब्रिटिश व आयरिश अशा उभय देशांच्या नागरिक. जन्म इंग्लंडातला आणि वास्तव्य सदैव तेथलेच. जमैकाच्या नागरिकाशी विवाह झाल्यानंतर त्यांनी प्रथमच आयरिश पारपत्र काढले आणि संघाच्या नागरिकाच्या पतीस मिळणारा रहिवासाचा हक्क आपल्या पतीसाठी मागितला. २००४ सालचा जो निर्देश या हक्कांचे नियमन करतो, त्याच्या ३ ऱ्या कलमाप्रमाणे तो केवळ अशा नागरिकांस लागू आहे, जे स्वतःच्या राष्ट्राहून अन्य सदस्य राष्ट्रात जातात किंवा राहतात. मॅकार्थीबाई स्वतःच्याच राष्ट्रात राहत होत्या. दुसऱ्या राष्ट्राचे पारपत्र काढले म्हणून त्या 'अन्य' राष्ट्रात राहत आहेत असे होत नाही. मुलांच्या आडनावाने जशी प्रत्यक्ष हानी झाली होती, तशी येथे संचारास कोणतीही बाधा आलेली नाही, असे सांगून न्यायालयाने गार्सिया आवेलोशी असलेले साम्य नाकारले.

हा भेद पुरता समाधानकारक आहे असे म्हणवत नाही. आडनाव वेगळे पडणे ही गंभीर गैरसोय, आणि पतीस देशाबाहेर जावे लागणे ही नव्हे काय? तरीही निर्णयामागील तर्क समजून घेतला पाहिजे. संघाचा विधी कुटुंबविषयक हक्क देतो ते कुटुंबवत्सलतेपोटी नव्हे. पतीपत्नीस ताटातूट सोसावी लागेल या भीतीने कामगाराने सीमा ओलांडण्याचे टाळू नये, एवढाच त्याचा मूळ हेतू. जेथे सीमा ओलांडलीच नाही, तेथे तो हेतूही उत्पन्न होत नाही, आणि माणूस आपल्या देशाच्या परकीयविषयक कायद्याच्या स्वाधीन राहतो. मग तो कायदा संघाच्या नियमाहून कितीही कडक असो. यामुळे आपल्याच देशात राहणाऱ्या नागरिकापेक्षा शेजारच्या देशातून आलेल्या परक्यास अधिक हक्क, असा उलटा प्रकार घडतो. एवढे मात्र खरे की, मॅकार्थी निर्णयाच्या दोनच महिने आधी, ८ मार्च २०११ रोजी, रुइस सांब्रानो प्रकरणात याच न्यायालयाने बेल्जियन बालकांच्या कोलंबियन पित्यास बेल्जियममध्ये राहण्याचा व काम करण्याचा हक्क दिला होता. तेथेही मुलांनी सीमा ओलांडली नव्हती. परंतु पित्यास घालविले असते तर त्या मुलांस संघाचा सारा प्रदेशच सोडावा लागला असता. हा अपवाद अगदी टोकाच्या स्थितीपुरता आहे आणि द्विराष्ट्रीयत्वाशी त्याचा संबंध नाही.

मॅकार्थी निर्णयाचा ब्रिटनने काढलेला अर्थ मात्र फार व्यापक होता. २०१२ साली तेथील नियमांत दुरुस्ती होऊन युरोपीय नागरिकाच्या व्याख्येतून ब्रिटिश नागरिकत्वही असलेल्या सर्वांस वगळण्यात आले. जन्मभर एकाच देशात राहिलेली स्त्री आणि परदेशातून येऊन पंधरावीस वर्षे काम करून नंतर ब्रिटिश नागरिक झालेला स्थलांतरित, ही दोन्ही माणसे एकाच पंक्तीत बसविली गेली. या लेखाच्या आरंभी ज्या विसंगतीचा उल्लेख केला, ती हीच.

लूनेस प्रकरणातील पत्नी स्पॅनिश होती. १९९६ साली ती विद्यार्थिनी म्हणून इंग्लंडात आली, २००४ पासून लंडनमधील तुर्की वकिलातीत नोकरी करू लागली आणि २००९ साली देशीयकरणाने, म्हणजे अर्ज करून, ब्रिटिश नागरिक झाली. स्पॅनिश नागरिकत्व तिने राखले. २०१४ मध्ये तिने एका अल्जीरियन गृहस्थाशी विवाह केला. ते २०१० साली सहा महिन्यांच्या प्रवेशपत्रावर येऊन मुदतीनंतरही राहिलेले होते. पतीने रहिवासाचा परवाना मागताच उत्तर मिळाले की, पत्नी आता ब्रिटिश आहे, तेव्हा ती नियमाच्या अर्थी युरोपीय नागरिक नाही. ती जर ब्रिटिश झाली नसती, नुसती स्पॅनिश राहिली असती, तर पतीचा हक्क निर्विवाद होता. ज्या देशात तिने आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, त्याच्याशी निष्ठेची शपथ घेतल्याचे हे फळ.

१४ नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयाचे दोन भाग आहेत आणि त्यांतील दुवा सूक्ष्म आहे. पहिल्या भागात न्यायालय ब्रिटनशी सहमत होते : निर्देशाची भाषा स्पष्ट आहे, जी स्त्री आता स्वतःच्या राष्ट्रात राहते, तिला तो लागू नाही. स्वतःच्या राष्ट्रात राहण्याचा तिचा हक्क बिनशर्त असून त्यास निर्देशाच्या आधाराची गरजच उरलेली नाही. परंतु दुसऱ्या भागात न्यायालय निर्देशावरून मूळ तहाकडे, त्याच्या २१ व्या कलमाकडे वळते. मुक्त संचाराचा हक्क वापरून जी दुसऱ्या देशात आली, तिने तेथे सामान्य कौटुंबिक जीवन जगावे हा त्या हक्काचाच भाग आहे. स्थलांतरिताने यजमान समाजात क्रमाक्रमाने मिसळून जावे असा संघविधीचा रोख असताना, अधिक मिसळण्यासाठी ज्याने नागरिकत्व घेतले त्यानेच आधी मिळविलेले हक्क गमवावेत हे त्या रोखाशी विसंगत होईल. सबब पतीस राहण्याचा व्युत्पन्न हक्क आहे, आणि त्यासाठी निर्देशातील अटींहून अधिक कडक अटी घालता येणार नाहीत. ब्रिटनने २०१८ मध्ये आपले नियम त्याप्रमाणे सुधारले.

मॅकार्थी व लूनेस ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली म्हणजे उलगडा होतो. दोघींची दोन पारपत्रे. दोघींचे पती तिऱ्हाईत देशांचे. दोघी ब्रिटनमध्येच राहणाऱ्या. फरक एवढाच की, एकीने सीमा ओलांडली आणि नंतर दुसरे राष्ट्रीयत्व घेतले. दुसरीला दोन्ही राष्ट्रीयत्वे होती पण सीमा ओलांडलेली नव्हती. हक्क उपजतो तो प्रवासातून. राष्ट्रीयत्व हे त्या प्रवासाचे प्रवेशपत्र मात्र.

येथवरची चर्चा दोन सदस्य राष्ट्रांच्या नागरिकत्वाविषयी झाली. दुसरे राष्ट्रीयत्व संघाबाहेरील देशाचे असेल तर? अशा देशांच्या कामगारांस संघाने केलेल्या करारांखाली काही स्वतंत्र हक्क असतात, आणि यजमान देशाचे नागरिकत्व घेतल्यावर ते टिकतात काय, हा प्रश्न येतो. या बाबतीत न्यायालयाची भूमिका बदलत गेली आहे. १९९९ च्या मेसबाह प्रकरणात बेल्जियममध्ये लेकजावयाकडे राहणाऱ्या एका मोरोक्कन स्त्रीने अपंगत्वाचा भत्ता मागितला होता. सासू राहावयास येण्यापूर्वीच जावयाने बेल्जियन नागरिकत्व घेतले असेल, तर त्याच्या मोरोक्कन राष्ट्रीयत्वाच्या आधारे तिला मोरोक्कोशी झालेल्या कराराचा लाभ मागता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. उलट २०१२ मध्ये, काहवेजी व इनान या प्रकरणांत, तुर्की राष्ट्रीयत्व राखून नेदरलंड्सचे नागरिक झालेल्या कामगारांच्या कुटुंबीयांस तुर्कस्तानशी झालेल्या सहयोग कराराखालील हक्क पुढेही चालू राहतात, असा निर्णय झाला. समाजात मिसळण्याच्या हेतूचा तोच युक्तिवाद येथे आहे. लूनेसच्या आधी पाच वर्षे तो या आडवाटेने आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मिकेलेत्ती निर्णयातील त्या उपवाक्याकडे वळू. २ मार्च २०१० च्या रोटमान प्रकरणात ते अंकुरले. जन्माने ऑस्ट्रियन असलेल्या या गृहस्थाने जर्मन नागरिकत्व घेतले, त्याबरोबर ऑस्ट्रियाच्या कायद्याप्रमाणे त्याचे ऑस्ट्रियन नागरिकत्व गेले. मायदेशात आपल्यावर फौजदारी चौकशी चालू असल्याचे त्याने अर्जात लपविले होते, हे उघडकीस आल्यावर जर्मनीने दिलेले नागरिकत्व मागे घेण्याचे ठरविले. परिणामी तो राष्ट्रहीन होणार, आणि संघाचे नागरिकत्वही त्याबरोबर जाणार. न्यायालयाने म्हटले, फसवणुकीने मिळविलेले नागरिकत्व काढून घेणे गैर नाही. पण त्यायोगे संघाचे नागरिकत्व जात असल्याने, हा परिणाम अपराधाच्या मानाने प्रमाणशीर आहे काय हे राष्ट्रीय न्यायालयाने तपासले पाहिजे. नागरिकत्व काढून घेण्याच्या सार्वभौम अधिकारावर अधिराष्ट्रीय न्यायालयाची नजर पडली ती येथे.

द्विराष्ट्रीयांच्या दृष्टीने १२ मार्च २०१९ चा चेबेस निर्णय अधिक निकटचा आहे. नेदरलंड्सचा प्रौढ नागरिक दुसरे राष्ट्रीयत्वही धारण करीत असेल आणि त्याने संघाच्या प्रदेशाबाहेर सलग दहा वर्षे काढली असतील, तर त्याचे डच नागरिकत्व आपोआप जाई. त्या अवधीत नवे पारपत्र काढले तर मुदत पुन्हा प्रथमपासून मोजली जाई. कॅनडा, स्वित्झर्लंड, इराण या देशांचे नागरिकत्व असलेल्या डच स्त्रियांनी नव्या पारपत्रासाठी अर्ज केले तेव्हा त्यांस कळले की, आपण डच राहिलेल्या नाही. राष्ट्राशी खरा संबंध उरला नाही म्हणून नागरिकत्व जावे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले; मात्र व्यक्तिगत परिस्थितीची चौकशी करण्यास आणि प्रसंगी नागरिकत्व पूर्ववत देण्यास वाव असलाच पाहिजे, असे बजाविले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी परदेशात जन्मलेल्यांचे नागरिकत्व बाविसाव्या वर्षी संपविणाऱ्या डेन्मार्कच्या नियमासही हीच कसोटी लागली. ते राखण्यासाठी अर्ज करण्यास वाजवी मुदत मिळाली पाहिजे, असे तेथे सांगितले गेले.

येथे एक चमत्कारिक गोष्ट चौकस वाचकाच्या ध्यानात आली असेल. मिकेलेत्तीने हद्दपार केलेला खरा संबंध मागच्या दाराने परत आला आहे. अन्य राष्ट्राने दिलेले नागरिकत्व मान्य करताना खरा संबंध विचारावयाचा नाही. पण स्वतःचे नागरिकत्व काढून घेताना त्याचा अभाव हे योग्य कारण ठरते. २९ एप्रिल २०२५ रोजी हा पेच आणखी वाढला. माल्टाने २०२० पासून मुख्यतः द्रव्याच्या मोबदल्यात नागरिकत्व देण्याची योजना चालविली होती : तीन वर्षांच्या रहिवासानंतर सहा लक्ष युरो, अथवा एकाच वर्षानंतर साडेसात लक्ष, शिवाय घर व देणगी. राष्ट्र व नागरिक यांमधील निष्ठेचे व ऐक्यभावाचे नाते सौद्याने निर्माण होत नाही, अशा सौद्याने संघाचे नागरिकत्वच विक्रेय वस्तू होते, म्हणून ही योजना संघविधीचा भंग करते, असे न्यायालयाच्या महापीठाने ठरविले. महाधिवक्त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये अगदी उलट मत दिले होते. निकाल नैतिकदृष्ट्या आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु पूर्वजांच्या आधारे मिळणारे नागरिकत्व या कसोटीवर कुठे बसते? आजोबांचा देश ज्याने कधी पाहिला नाही त्याचे त्या देशाशी नाते, धनिकाच्या नात्याहून कोणत्या अर्थाने अधिक खरे? न्यायालयाने हा प्रश्न विचारला नाही. त्यापुढे तो नव्हताही.

आपल्याशी या विषयाचा खरा संबंध येतो तो याच ठिकाणी, गोव्याच्या वाटेने. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या नागरिकत्वविषयक आदेशाने तेथे जन्मलेले, किंवा ज्यांचे आईबाप वा आजेआजोबा तेथे जन्मले ते, भारतीय नागरिक मानले गेले. ज्यांस पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखावयाचे होते त्यांस एका महिन्यात लेखी निवेदन देण्याची मुभा होती. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले. परंतु मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांस पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानीत राहिला, आणि त्यांच्या वंशजांसही त्यामुळे मार्ग खुला झाला. लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगीज पारपत्र घेतलेले अनेक गोमंतकीय इंग्लंडात गेले. स्विंडनसारख्या शहरात त्यांची वस्ती सर्वश्रुत आहे. पोर्तुगाल त्यांतील पुष्कळांनी पाहिलाही नव्हता. तरी ब्रिटन संघात असेतोवर, तुमचा पोर्तुगालशी काय संबंध, असे त्यास विचारता येत नव्हते. ते संरक्षण मिकेलेत्ती निर्णयाचे होते.

येथे मात्र आरंभी सांगितलेले ९ वे कलम आडवे येते. अर्जेंटिनाच्या दंतवैद्यास दोन्ही पारपत्रे ठेवता आली. गोमंतकीय स्थलांतरितास पोर्तुगीज पारपत्र घेताच भारतीय नागरिकत्व सोडावे लागते. परदेशी पारपत्र मिळविणे हा परकी नागरिकत्व संपादन केल्याचा निर्णायक पुरावा मानणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली इझहार अहमद खान प्रकरणात वैध ठरविला आहे. पारपत्र न काढता केवळ लिस्बनच्या दप्तरी जन्मनोंद केली तर काय, हा वादाचा मुद्दा आहे. पोर्तुगालच्या दृष्टीने ती नोंद नवे नागरिकत्व देत नाही, मुळात असलेले केवळ नमूद करते. भारताच्या दृष्टीने विचारावयाचे ते हे की, ती 'स्वेच्छेने केलेले संपादन' होय काय. 'भारताचे परदेशस्थ नागरिक' ही जी नोंदणी नंतर मिळू शकते, तिच्या नावात नागरिक हा शब्द असला तरी ते राष्ट्रीयत्व नव्हे. मतदानाचा हक्क तीत नाही.

गंमत अशी की, हाच मनुष्य इंग्लंडात काही वर्षे काढून ब्रिटिश नागरिक झाला तर पोर्तुगालचा कायदा त्यास आड येत नाही. भारताने ज्यास दोन राष्ट्रीयत्वे नाकारली, तो युरोपात जाऊन द्विराष्ट्रीय होतो. आणि त्याच्या भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या पत्नीचा ब्रिटनमधील रहिवास मग लूनेस निर्णयाच्या आधारावर उभा राहतो, कारण नवऱ्याने आधी पोर्तुगीज म्हणून सीमा ओलांडली आणि नंतर नागरिकत्व घेतले. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनच्या संघत्यागाचा संक्रमणकाळ संपला. त्यापूर्वी तेथे संघविधीप्रमाणे राहणाऱ्यांचे हक्क माघारीच्या कराराने राखले. नंतर येणाऱ्यांस पोर्तुगीज पारपत्र ब्रिटनच्या सीमेवर पूर्वीसारखे उपयोगी पडत नाही. ब्रिटिश नागरिकांचे संघाचे नागरिकत्व तर त्याआधीच गेले होते. जून २०२२ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मात्र ज्या ब्रिटिशाकडे आयरिश किंवा पोर्तुगीज पारपत्रही होते, त्याचे काहीच गेले नाही. अर्थात स्विंडनच्या त्या ब्रिटिश-पोर्तुगीज गोमंतकीयास आज पॅरिस वा बर्लिनला जाऊन राहण्याचा जो हक्क आहे, तो त्याच्या इंग्रज शेजाऱ्यास नाही.

गोव्यात मागे राहिलेल्या त्याच्या भावाने लिस्बनला नोंद केली आणि त्यावरून भारतात त्याचे नागरिकत्व वादात सापडले, तर त्याला मात्र चेबेसमधील डच स्त्रियांसारखी प्रमाणशीरपणाची कसोटी मागता येणार नाही. जाणारे नागरिकत्व संघाच्या सदस्य राष्ट्राचे नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयास त्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही, आणि ९ व्या कलमात तशी कसोटी लिहिलेली नाही.